सुट्टीला पळवू नका!

सुट्टीची माझी व्याख्या अगदी सोपी आहे. ज्या दिवशी गजर लावावा लागत नाही, त्या दिवसाला सुट्टी म्हणतात. आमच्या लहानपणी होल्डॉल बांधून माथेरानला जायचे म्हणजे वडील तिथं पोचल्याबरोबर मनगटावरचं घड्याळ काढून ट्रंकेत ठेवीत आणि "आता आपण रिकामे" असं जाहीर करीत. त्यानंतर आठ दिवस ते रिकामपण मन लावून पार पाडीत. दिवसभरात घडण्यासारखी गोष्ट एकच, चहा. तो सुद्धा कधी व्हायचा ते कुणी विचारायचं नाही. झाला की प्यायचा.

ही व्याख्या मी जन्मभर सांभाळली. ती गेल्या जानेवारीत अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, पहाटे अडीच वाजता मोडली. मोडली हा शब्दही सौम्यच झाला. तिच्या अंगावरून सव्वीस मैलांची एक शर्यत धावत गेली.

त्याचं असं झालं. आम्ही दोघं डिसेंबरात मुलाकडे जाणार होतो. चिरंजीवांचा फोन आला, "बाबा, जानेवारीत सगळेच फ्लोरिडाला जाऊ. डिस्ने वर्ल्ड! चांगले पाच-सहा दिवस. आणि हो, रविवारी हिची मॅरेथॉनही आहे तिथं."

त्या वाक्यातल्या 'ही' या अक्षरावर मी विश्वास ठेवला, हीच माझी चूक. लग्नाला नाशिकला चाललोच आहोत तर वाटेत इगतपुरीच्या मावशींनाही भेटू, असं आपण म्हणतो ना, त्यातला हा 'ही' असावा अशी माझी समजूत झाली. प्रत्यक्षात मॅरेथॉन हेच लग्न होतं. मावशी होती ती डिस्ने वर्ल्ड.

ज्यांच्या घरात हा प्रकार अजून शिरलेला नाही, त्या भाग्यवंतांसाठी थोडा खुलासा करतो. फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ डिस्ने वर्ल्ड नावाची एक मायानगरी १९७१ साली उघडली. तिथं एक सोडून चार थीम पार्क आहेत आणि सगळा पसारा सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा आहे. आपलं कुलाब्यापासून शीवपर्यंतचं मुंबई शहर सदुसष्टच्या आसपास भरतं. म्हणजे अख्खी मुंबई आत ठेवून वर निम्मी आणखी मावेल. एवढ्या जागेत माणसं नुसती हिंडताहेत हे कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं असावं. १९९४ च्या जानेवारीत तिथं पहिली मॅरेथॉन झाली. आता त्या एकीच्या चार झाल्या आहेत. गुरुवारी पाच किलोमीटर, शुक्रवारी दहा, शनिवारी अर्धी मॅरेथॉन आणि रविवारी पुरी. अर्धी पळाल्यावर डोनाल्ड डकचं पदक, पुरी पळाल्यावर मिकी माउसचं.

इथवर आपण समजून घेऊ. परंतु शनिवारी अर्धी पळून रविवारी पुरीही पळणाऱ्यांसाठी वेगळं आव्हान आहे, त्याला नाव दिलंय गूफीचं. आणि गुरुवार ते रविवार चारी शर्यती, मिळून ४८.६ मैल म्हणजे अठ्ठ्याहत्तर किलोमीटर पळणाऱ्यांसाठी जे आव्हान आहे, ते डोपीच्या नावाचं. हिमगौरीच्या सात बुटक्यांतला जो बोलत नाही आणि ज्याला फारसं कळत नाही, तो डोपी. आयोजकांचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. आपण माणसाला काय करायला लावतो आहोत याची त्यांनी नावातच कबुली दिली आहे. तरीही लोक पैसे भरतात आणि सहा पदकं गळ्यात घालून येतात!

आमच्या सूनबाईंचा मजकूर फक्त रविवारचा होता. तिनं सहलीचा एक तक्ता करून पाठवला. ती नोकरीतही तक्तेच करते, त्यामुळं तक्ता देखणा होता. पिवळ्या चौकोनात खाणं, निळ्या चौकोनात झोप, तांबड्या चौकोनात पळणं. मी माझं नाव शोधलं. ते शेवटच्या रकान्यात 'मदतनीस' या सदराखाली होतं आणि समोर लिहिलं होतं, 'केळी.'

बुधवारी दुपारी पोचलो. गुरुवारी छातीवर लावायचा नंबर आणायला गेलो. तो ज्याचा त्यानं स्वतः, ओळखपत्र दाखवून घ्यायचा असतो. दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. हे रास्तच आहे. पण गाडी एकच असल्यामुळं तिच्या नंबरासाठी आम्ही पाचही जण गेलो. तिथं मोज्यांची जत्रा भरली होती. पळण्याच्या मोज्यांचे इतके प्रकार असतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्यामुळं माझं आजवर काही अडलंही नव्हतं. परत यायला चार वाजले.

सहा वर्षांच्या नातवानं विचारलं, "आजोबा, मिकी कधी भेटणार?"

मी तक्ता पाहून सांगितलं, "सोमवारी."

"आज काय आहे?"

"मोजे."

शुक्रवारी अर्धा दिवस पार्कात गेलो. पण सूनबाईंना पाय राखायचे होते. ती एका बाकावरून उठे आणि दुसऱ्या बाकावर बसे, आणि आपलं घड्याळ आपण किती पावलं टाकली ते सांगतंय हे बघून दचके. मॅरेथॉनच्या दोन दिवस आधी माणसानं फार चालू नये असं शास्त्र आहे, आणि थीम पार्कात चालण्यावाचून दुसरं काही नाही असा अनुभव आहे. माझ्या खिशातल्या फोननं दुपारी बारापर्यंतच चौदा हजार पावलं मोजली होती. एकादशीला घरात श्रीखंडाचा बेत करावा आणि आपण पाटावर बसून इतरांकडे बघावं, तशी तिची अवस्था. आणि समोर कुणी उपाशी बसलेलं असताना श्रीखंड घशाखाली उतरतं का हो कुणाच्या?

शनिवारी पूर्ण विश्रांती होती. साडेचार वाजता रात्रीचं जेवण. त्यात फक्त पास्ता, कारण पिष्टमय पदार्थ साठवायचे. साडेचार ही वेळ आमच्याकडे दुपारच्या चहाची. संध्याकाळी सात वाजता दिवे बंद. खोली एक, माणसं पाच. नातू अंधारात कुजबुजत होता, चिरंजीव त्याला कुजबुजत दटावत होते, आणि मी न्हाणीघरात टबाच्या काठावर बसून पुस्तक वाचत होतो. हजारो मैल विमानानं येऊन, मायानगरीच्या वेशीवर, न्हाणीघरात! तिथं बसल्या बसल्या या निबंधाचे मुद्दे मी मनात मांडून घेतले. ते असे.

पळण्याला माझा विरोध नाही. पळावं. पूर्वी कारण असल्यावाचून माणसं पळत नसत, आता पळण्यासाठी कारण काढतात, एवढाच फरक. ज्या ग्रीक जवानाच्या नावावर ही शर्यत चालते, तोसुद्धा कथेप्रमाणं निरोप पोचवायला पळाला आणि निरोप सांगून मेला. पण एक गोष्ट ध्यानात घ्या, तो सहकुटुंब गेला नव्हता.

पहिला मुद्दा पायांचा. माणसाला देवानं दोनच पाय दिले आहेत. पार्कालाही तेच हवेत आणि शर्यतीलाही तेच. एका जागी दोन सभा ठेवल्या की दोन्ही उधळतात.

दुसरा मुद्दा झोपेचा. ही शर्यत पहाटे पाचला सुटते. त्यासाठी अडीचला उठायचं, तीनला निघायचं. म्हणजे शनिवारची संध्याकाळ गेली, रविवारची सकाळ गेली आणि रविवारची दुपार जांभया देण्यात गेली. मुलांना याच वेळी झोपवायला आणि याच वेळी उठवायला लावणारी गोष्ट म्हणजे शाळा. मग शाळा बुडवून आणलं कशाला?

तिसरा मुद्दा हिशेबाचा. "तिकिटं काढायचीच आहेत, तर एका दगडात दोन पक्षी," असं चिरंजीव म्हणतात. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हिशेब सांगायचा नाही. पाच-सहा दिवसांच्या सहलीत नातवाच्या वाट्याला आला दीड दिवस. बाकीचे पक्षी दगडासकट उडून गेले.

चौथा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हल्ली नुसतं बसायची माणसाला लाज वाटते. 'गेलो, बसलो, आलो' असं सांगायला जीभ रेटत नाही. सुट्टीतून काहीतरी कमावून आणायला हवं. मग पदक आणायचं. आणि हे अमेरिकेतच चाललंय असं समजू नका. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तेव्हा बाहेरगावचे लोक यायचे, दादरला मामाकडं उतरायचे, पळायचे आणि रात्रीच्या गाडीनं परत जायचे. त्याला सहल म्हणत नसत. आता साताऱ्याला डोंगरावर अर्धी मॅरेथॉन असते, आणि तिला जोडून कासच्या पठारावरची फुलंही 'उरकतात'. फुलं उरकायची असतात का?

चिरंजीवांनी यावर हुकमाचं पान टाकलं होतं. "बाबा, मग वारी काय असते? तीही सुट्टी काढूनच करतात ना?"

वारी! अहो, वारीत मागं राहिलेल्याला कुणी बसमध्ये घालून बाद करत नाही. पंढरपूर किती मिनिटांत गाठलं हे कुणी विचारत नाही. आणि मुख्य म्हणजे, घरच्यांना महाबळेश्वर दाखवतो म्हणून सांगून वारीला कुणी नेत नाही. जायचंय तर वारीला म्हणूनच जातात.

असो. इतके मुद्दे टबाच्या काठावर जमले. रविवारी अडीचला गजर झाला. तीनला सूनबाईंना सोडलं, आणि उजाडल्यावर आम्ही चौघं एपकॉट नावाच्या पार्कापाशी, जिथं शर्यत संपते तिथं, कठड्याला टेकून उभे राहिलो. हवेत चांगलाच गारठा होता. पळणारे लोक अंगात जुने स्वेटर घालून येतात, आणि अंग तापलं की रस्त्याच्या कडेला फेकून देतात, असं चिरंजीव सांगत होते. ते ऐकून सौभाग्यवती हळहळली, "एखादी बोहारीण बरोबर आणली असती तर आज चार डबे आणि एक परात सहज झाली असती."

वाट पाहताना चिरंजीवांनी शर्यतीच्या आणखी गोष्टी सांगितल्या. रस्ता चारही पार्कांतून जातो. वाटेत मिकी, डोनाल्ड वगैरे मंडळी उभी असतात आणि त्यांच्याबरोबर फोटो काढायला पळणारे लोक चक्क रांग लावतात. शर्यतीत रांग! काहीजण तर त्याहून पुढं जातात. प्राण्यांच्या पार्कात एव्हरेस्टच्या नावाची डोंगरातून धडधडत जाणारी गाडी आहे. ते शर्यत थांबवून त्या गाडीत बसतात, किंचाळून घेतात, आणि उतरून उरलेली मॅरेथॉन पळतात. एवढे शहाणे लोक मी त्या सबंध मुक्कामात ऐकले नाहीत. सुट्टीत शर्यत घुसवणारे पुष्कळ असतात. शर्यतीत सुट्टी घुसवणारे हेच.

आणि सर्वांच्या शेवटी येतात त्या फुगेवाल्या. आपल्याकडे फुगेवाला दिसला की जत्रा सुरू झाली असं पोरं समजतात. इथं फुगेवाल्या बायका दिसल्या की जत्रा संपली. मैलाला सोळा मिनिटं, म्हणजे किलोमीटरला दहा, हा किमान वेग. त्या वेगानं या बायका फुगे घेऊन सर्वांच्या मागून चालत येतात. त्यांच्या मागं पडलेल्याला बसमध्ये घेतात. हातात फुगा घेतलेला यमदूत मी पहिल्यांदाच ऐकला.

नातू म्हणाला, "आई फुगेवालीच्या पुढं आहे ना?"

चिरंजीव फोनवर ठिपका बघत होते. त्यांनी मान हलवली, पण जरा उशिरा हलवली. अठराव्या मैलापासून ठिपका फार सावकाश सरकत होता. आम्ही गप्प झालो. समोरून माणसं येत होती. जाडी, बारीक, म्हातारी, डोक्याला गूफीचे कान लावलेली. एक आजीबाई माझ्याच वयाच्या असाव्यात. एका पायानं लंगडत होत्या आणि हसत होत्या. सौभाग्यवती प्रत्येकासाठी टाळ्या वाजवत होती, जणू सगळी तिच्या माहेरची होती.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "एकीच्या हौसेपायी पाच जणांची सुट्टी गेली. हा काय न्याय झाला?"

सौभाग्यवती टाळ्या न थांबवता म्हणाली, "अहो, महाबळेश्वर आठवतंय का?"

"कुठलं?"

"१९८६ चं. तुमची ती सी.ए.आय.आय.बी.ची परीक्षा होती. तुम्ही पुस्तकांची पिशवी घेऊन आला होतात. तीन दिवस तुम्ही खोलीत वाचत होतात आणि मी पोराला घेऊन व्हरांड्यात. हळू बोलायचं, हळू हसायचं. वेण्णा तलाव आम्ही दोघांनीच पाहिला. तुम्ही पास झालात, सगळ्यांना पेढे वाटलेत, पगारवाढ मिळाली. तिनं तर एकच रात्र मागितली आहे."

मी चिरंजीवांकडे पाहिलं. ते फोनमध्ये पाहत होते. पण कान इकडे होते, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. पोरगं त्या वेळी सहा वर्षांचं होतं.

ती परीक्षा वेगळी गोष्ट होती. कशी वेगळी होती, ते मला त्या वेळी सुचलं नाही. अजूनही विचार चालू आहे.

मग एकदम नातू ओरडला. सूनबाई आल्या. पळत होत्या असं म्हणवत नाही, पण चालतही नव्हत्या. चेहऱ्यावर मीठ सुकलं होतं. साडेसहा तास लागले होते. आम्हाला पाहून ती रडली, मग हसली, आणि म्हणाली, "आई, झालं!" मला म्हणाली नाही. मी केळं पुढं केलं. तक्त्यात माझं तेवढंच काम होतं. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. टाळ्या वाजवता याव्यात म्हणून ते केळं मी आधी दातात धरलं होतं.

याचा अर्थ माझे मुद्दे मागं घेतले असा कुणी काढू नये. उलट सोमवारी ते सगळे सिद्ध झाले. सोमवारी त्या पार्कांत एक अपूर्व देखावा असतो. गळ्यात पदकं घालून माणसं लंगडत असतात. पायऱ्या उतरायच्या तर पाठमोरं होऊन उतरतात. आमच्या सूनबाईही त्यांतल्याच. तिला चालवेना. म्हणून आम्ही राजवाड्यासमोरच्या एका बाकावर जाऊन बसलो. तक्त्यात सोमवारी चौदा चौकोन होते. त्यांतला एकही झाला नाही. नातू बापाबरोबर जाऊन मिकीला भेटून आला आणि येऊन आईच्या मांडीवर झोपला. आम्ही बसलो. चहा मिळाला, तो कागदी पेल्यातला होता. तरी प्यालो. तीन तास कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. सूनबाईंनी तर घड्याळ काढून पिशवीत टाकलं होतं, मनगटावर पट्ट्याचं घासून लाल झालं होतं म्हणून. मला माथेरानची ट्रंक आठवली. सबंध सहलीत सुट्टी लागली ती एवढीच, आणि तीही तिच्या पायांत गोळे आल्यामुळं. मंगळवारी सकाळी सातचं विमान होतं.

म्हणून पळणाऱ्या समस्त लेकी-सुनांना आणि मुलांना माझी जाहीर विनंती आहे. खुशाल पळा. पण आधी पळा आणि मग सुट्टी घ्या. दोन्हींची कालवाकालव करू नका. शर्यत रविवारी आहे ना? मग शुक्रवारी एकट्यानं किंवा दुकट्यानं जा, नंबर घ्या, मोजे घ्या, पास्ता खा, सातला झोपा, कुणी कुजबुजणार नाही. घरच्यांना रविवारी सकाळी टाळ्या वाजवण्यापुरतं बोलवा. सुट्टी सोमवारपासून मोजा, आणि मंगळवारच्या विमानाचं तिकीट काढणाऱ्याला फुगेवाल्यांच्या ताब्यात द्या. आणि घरात ज्यांनी कधी काळी परीक्षेची पुस्तकं महाबळेश्वरला नेली असतील, त्यांनी या बाबतीत जरा हळू आवाजात बोलावं.

हे सगळं मी परतीच्या विमानात सूनबाईंना मुद्देसूद सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "बाबा, बरोबर आहे तुमचं. पुढच्या वेळी शर्यतीनंतर चार दिवस ठेवू." लगेच वही काढून लिहूनही घेतलं. मी विजयी मुद्रेनं शेजारी पाहिलं.

सौभाग्यवती खिडकीतून खाली बघत होती. जरा वेळानं म्हणाली, "ती गुरुवारची पाच किलोमीटरची असते ना, ती चालत केली तर चालते का गं?"

"चालते की, आई! पन्नास मिनिटांच्या आत करायची. किलोमीटरला दहा मिनिटं."

सध्या आम्ही पुण्याला आहोत. पहाटे साडेपाचला गजर होतो. ती पुढं चालते, मी मागून घड्याळ धरून चालतो. काल पाच किलोमीटरला अठ्ठावन्न मिनिटं लागली. आठ मिनिटं अजून कमी करायची आहेत. मी माझा विरोध लेखी नोंदवून ठेवला आहे, तो हाच. आता निघतो. केळी आणायची आहेत.